हबर्डची वाट

शिकागो हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पहिल्याने येते ते बहुधा १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेच्या निमित्ताने. स्वामी विवेकानंदांनी ज्या नगरीत भाषण केले ती नगरी त्या वेळी दहा लाखांहून अधिक वस्तीची, उंच इमारतींची आणि रुळांच्या जाळ्याने वेढलेली होती. मात्र त्याच्या साठच वर्षे आधी त्याच जागी एक लाकडी किल्ला, काही झोपड्या, एक संथ नदी आणि जेमतेम साडेतीनशे माणसे होती. साठ वर्षांत हे कसे घडले याचे उत्तर अर्थशास्त्राचे ग्रंथ आपल्या परीने देतात. तथापि त्या उत्तराचा बराच मोठा भाग एका व्यापाऱ्याच्या आयुष्यात सापडतो. गर्डन सॉल्टनस्टॉल हबर्ड हे त्याचे नाव. तो कातड्यांच्या व्यापारात कारकून म्हणून शिरला, पुढे दुकानदार झाला आणि इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात एकदाच निवडून गेला. त्याच्या चरित्रात कर्तबगारी भरपूर आहे, आणि ती ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली त्यांचे विस्थापनही आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

हबर्डचा जन्म २२ ऑगस्ट १८०२ रोजी व्हरमाँटमधील विंडसर या गावी झाला. वडील वकील होते, परंतु सट्ट्याच्या व्यवहारांत त्यांची मालमत्ता गेली आणि कुटुंब कॅनडातील माँट्रियल येथे येऊन राहिले. मुलाचे शिक्षण यथातथाच झाले. लोखंडी सामानाच्या एका दुकानात तो काही काळ राबला. १८१८ साली, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याच्या आतच, त्याने अमेरिकन फर कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. पगार सालीना १२० डॉलर.

ही कंपनी म्हणजे जॉन जेकब ॲस्टर याने १८०८ मध्ये स्थापलेली पेढी. कंपनी हा शब्द आपल्याकडे कोणत्या अर्थाने रूढ झाला हे सांगावयास नको. ज्या १८१८ साली पुण्याच्या पेशवाईचा शेवट झाला, त्याच साली हा मुलगा दुसऱ्या एका कंपनीच्या नावेत बसून पश्चिमेकडे निघाला होता. ॲस्टरच्या कंपनीपाशी फौज नव्हती, राज्य करण्याची सनद नव्हती. परंतु उधारी होती, आणि उधारीने जे साधते ते पुष्कळदा फौजेनेही साधत नाही. कंपनी आपल्या अडत्यांना घोंगड्या, सुऱ्या, बंदुका, दारूगोळा, मणी आणि कापड देई. हा माल हिवाळ्याच्या तोंडावर आदिवासी शिकाऱ्यांना उधारीवर दिला जाई आणि वसंतात त्याच्या बदल्यात बीव्हर, ऑटर, मस्करॅट, अस्वल यांची कातडी घेतली जात. मद्याचा व्यवहारही त्यात होताच. उन्हाळ्यात सगळी कातडी ह्यूरॉन आणि मिशिगन ही दोन सरोवरे जेथे मिळतात त्या मॅकिनॉ बेटावर येत. तेथे त्यांची मोजणी, प्रतवारी आणि बांधणी होई, आणि मग ती न्यूयॉर्कला व युरोपात रवाना होत. १८१८ च्या ४ जुलैला हबर्ड मॅकिनॉला पोहोचला आणि पहिले काही आठवडे त्याने कातडी मोजण्यातच घालविले. पुढे त्याला इलिनॉयकडे जाणाऱ्या नावांच्या ताफ्यात घालण्यात आले. या ताफ्याचा प्रमुख आंत्वान देशाँ हा फ्रेंच वंशाचा अनुभवी माणूस होता.

त्या वर्षीच्या शरदात हबर्डने शिकागो प्रथम पाहिले. त्याने पुढे लिहून ठेवले आहे की किनाऱ्यावरच्या एका झाडावर चढून त्याने समोरचे गवताळ मैदान न्याहाळले. त्या वेळी इलिनॉय हे राज्यही नव्हते. ३ डिसेंबर १८१८ रोजी ते संघराज्यात दाखल झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आधी ठरलेल्या सीमेप्रमाणे शिकागो या राज्यात पडतच नव्हते. नॅथॅनियल पोप या प्रतिनिधीने काँग्रेसमध्ये खटपट करून उत्तर सीमा सुमारे चाळीस मैल वर सरकविली, ती इलिनॉयला मिशिगन सरोवराचा किनारा मिळावा आणि सरोवरापासून इलिनॉय नदीपर्यंत कधी काळी कालवा निघालाच तर तो सगळा एकाच राज्यात पडावा म्हणून. म्हणजे राज्याच्या जन्मापूर्वीच कालव्याची कल्पना त्याच्या नकाशात होती. तशी ती त्याहूनही जुनी. १६७३ साली लुई जोलिए हा फ्रेंच प्रवासी या वाटेने गेला तेव्हाच त्याला ती सुचली होती.

याचे कारण भूगोलात आहे. मिशिगन सरोवराचे पाणी पूर्वेकडे सेंट लॉरेन्स नदीने अटलांटिकला जाते. तेथून काही मैलांवरची देस प्लेन्स नदी मात्र इलिनॉय नदीला, इलिनॉय मिसिसिपीला आणि मिसिसिपी मेक्सिकोच्या आखाताला मिळते. एका अर्ध्या खंडाचे पाणी दुसऱ्या अर्ध्या खंडाच्या पाण्यापासून जी कड वेगळी करते ती येथे डोंगराची नव्हे. काही फुटांची माती आणि तिच्या कुशीतली एक दलदल, एवढीच. या दलदलीला गोऱ्या लोकांनी मड लेक असे नाव दिले होते. वसंतात पूर आला की तिच्यातून नाव तरंगत जाई. एरवी तसे होत नसे.

हबर्डचा ताफा तेथे आला तो शरदात. मग जे करावे लागले त्याचे वर्णन त्याच्या आत्मचरित्रातील सर्वांत जिवंत पानांपैकी आहे. नावेत चारेक माणसे वल्ह्यांनी रेटत राहत. आणखी काही जण कमरेइतक्या चिखलात उतरून नाव ढकलीत, आणि पाय रुतू लागले की तिच्याच काठाला धरून लोंबकळत. चिखलात जळवा होत्या. त्या अंगाला इतक्या घट्ट चिकटत की ओढून काढता येत नसत. तंबाखूचा काढा लावून त्यांना सोडवावे लागे. काही माणसांचे पाय सुजले. हे काम लागोपाठ तीन दिवस चालले. रोजच्या वापरातला थोडाफार कालवा असता तर जे अंतर काही तासांत कटले असते, त्यासाठी तीन दिवस आणि डझनावारी माणसांचे रक्त खर्ची पडले. पुढे विधिमंडळात कालव्यावर बोलणाऱ्यांत वकील पुष्कळ होते, जमिनीचे दलालही होते. परंतु ज्याने त्या वाटेवर जळवा पाहिल्या होत्या असा माणूस क्वचितच असेल.

कारकुनीची ही वर्षे त्याने इलिनॉय नदीच्या आणि पुढे इरोक्वॉय नदीच्या काठच्या ठाण्यांवर काढली. येथे तो स्थानिक भाषा शिकला. एका आदिवासी वृद्धाने आपल्या मृत मुलाच्या जागी त्याला मानलेला मुलगा करून घेतले. ही त्या समाजाची जुनी रीत होती आणि ती केवळ शिष्टाचाराची नव्हती. त्याच्या झपाट्याच्या चालण्यावरून त्याला पापामाताबे, म्हणजे वेगाने चालणारा, असे नाव पडले. एका दिवसात पंचाहत्तर मैल चालल्याची गोष्ट त्याच्याविषयी सांगितली जाते. ती दंतकथा म्हणून बाजूला ठेवली तरी हा माणूस पायी फार चालत असे, यात संशय नाही. कँककी नदीकाठच्या पोटावाटोमी लोकांचा प्रमुख तामिन याची भाची वॉट्सीका हिच्याशी १८२० नंतरच्या दशकात त्याचा त्या लोकांच्या रीतीने विवाह झाला. एक मुलगी झाली, ती अल्पवयातच गेली. दोनेक वर्षांनी उभयतांच्या संमतीने ते वेगळे झाले, असे हबर्डच्या बाजूने नोंदले गेले आहे. वॉट्सीकाच्या बाजूने काहीच नोंदले गेलेले नाही. हबर्डचा सहकारी नोएल ल व्हासर याच्याशी तिने पुढे संसार केला.

व्यापाराच्या दृष्टीने या काळातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने नावा सोडून दिल्या. मड लेकचा अनुभव त्याला पुरेसा झाला असावा. त्याने शिकागोपासून दक्षिणेकडे वॉबॅश नदीच्या दिशेने काही काही अंतरावर ठाणी बसविली आणि त्यांच्यामध्ये लादणीच्या घोड्यांचे तांडे चालू केले. लमाणांच्या बैलतांड्यांनी दख्खनचे रस्ते जसे पायांखाली घालून कायम केले, तसेच येथे झाले. आधी रानजनावरांची व आदिवासींची पाऊलवाट, मग घोड्यांची, मग बैलगाड्यांची. नकाशावर तिला हबर्डची वाट असे नाव पडले. १८३४ च्या सुमारास राज्याने व्हिन्सेन्सपासून शिकागोपर्यंत सरकारी रस्ता आखावयास घेतला, तेव्हा सरतेशेवटी मोठ्या टप्प्यावर याच वाटेने तो न्यावा लागला. राज्याचा रस्ता म्हणून शिकागो शहरातील त्याच्या भागाला स्टेट स्ट्रीट हे नाव मिळाले. ज्या रस्त्यावरची दुकाने पुढे जगभर गाजली तो रस्ता असा एका दुकानदाराच्याच घोड्यांनी पाडलेला होता. इलिनॉयचा पहिल्या क्रमांकाचा राज्यमार्ग आजही बराचसा त्याच दिशेने जातो.

या वाटेवरची एक दौड विशेष प्रसिद्ध आहे. १८२७ साली विनबेगो लोकांच्या उठावाची बातमी आली. शिकागोच्या किल्ल्यात त्या वेळी शिबंदी नव्हती. हबर्ड एकटा घोड्यावर निघाला आणि ठाण्याठाण्यावर घोडे बदलत सुमारे सव्वाशे मैलांवरच्या डॅनव्हिलला एका दिवसरात्रीच्या आत पोहोचला. तेथून नागरी पथक घेऊन तो परतला. हल्ला झालाच नाही. पण डॅनव्हिल आणि त्याच्या भोवतीचा व्हर्मिलियन जिल्हा यांना हा तरुण व्यापारी चांगला ठाऊक झाला. याच सुमारास त्याने त्या भागातील कंपनीचा हिस्सा विकत घेऊन स्वतःचा व्यवहार सुरू केला आणि डॅनव्हिलच्या चौकात दुकान घातले. कातड्यांचे दिवस संपत आले होते. शिकार संपली होती आणि नांगर येत होता. त्याने हे ओळखून शेतकऱ्यांना माल विकण्यास व त्यांची डुकरे विकत घेण्यास प्रारंभ केला. १८२९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने वॉबॅशकडून डुकरांचा मोठा कळप शिकागोला हाकून नेला. मांस भरावयाची पिंपे वेळेवर आली नाहीत तेव्हा कापलेली जनावरे नदीकाठी रचून थंडीवर सोपवून दिली. शिकागोच्या मांस-व्यवसायाचा उगम शोधावयाचा तर तो अशा गोठलेल्या राशींपर्यंत जातो.

१८३२ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉय विधिमंडळाची निवडणूक झाली. या एका निवडणुकीत दोन तरुण उभे होते. न्यू सेलमचा तेवीस वर्षांचा तरुण पराभूत झाला. त्याचे नाव अब्राहम लिंकन. व्हर्मिलियन जिल्ह्याचा तिशीला टेकलेला दुकानदार निवडून आला, तो हबर्ड. लिंकनने त्यानंतर घातलेले दुकान लवकरच बुडाले आणि कर्ज फेडण्यात त्याची पुढची कित्येक वर्षे गेली. १८३४ मध्ये तो विधिमंडळात आला तेव्हा हबर्ड तेथे सदस्य राहिला नव्हता. त्या दोघांची पुढे मैत्री जमली आणि १८६० मध्ये शिकागोला भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात हबर्ड लिंकनच्या बाजूने खपला.

राज्याची राजधानी तेव्हा व्हँडेलिया या लहानशा गावी होती. या राज्याचा जनभार दक्षिणेकडे होता. १८३० च्या खानेसुमारीत संपूर्ण इलिनॉयची वस्ती १,५७,४४५ भरली होती आणि तिच्यापैकी उत्तरेकडची माणसे मूठभर. दक्षिणेच्या प्रतिनिधींना मिसिसिपी व ओहायो या नद्या घराच्या अंगणात होत्या. त्यांनी सरोवराच्या काठच्या एका दलदलीवर पैसा का खर्चावा? पैशाचा प्रश्नही काही अंशी सुटलेला होता आणि काही अंशी नव्हता. काँग्रेसने १८२७ मध्ये नियोजित कालव्याच्या दोन्ही बाजूंना पाच पाच मैलांच्या पट्ट्यातील एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे राज्याला देऊ केले होते. ते विकून कालवा काढावयाचा. परंतु कालवा निघेपर्यंत त्या जमिनीला किंमत नाही, आणि जमिनीला किंमत येईपर्यंत कालवा निघत नाही, असा तो पेच होता. त्यात पुन्हा एका पाहणीत असे निघाले की लोहमार्ग कालव्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होईल.

हबर्डने १८३२-३३ च्या बैठकीत कालव्याचे विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहाने ते संमत केले, वरिष्ठ सभागृहाने फेटाळले. तेव्हा त्याने हट्ट न धरता त्याच्या जागी लोहमार्गाचे विधेयक आणले. माल पलीकडे जाण्याशी मतलब; पाण्यावरून जावो की लोखंडावरून, हा खरा दुकानदाराचा विचार. तेही पडले, आणि ते अध्यक्षांच्या निर्णायक मताने पडले. अमेरिकेत लोहमार्गाचे युग तेव्हा नुकते उजाडत होते. ते एक मत उलट पडते तर मध्य अमेरिकेतील दळणवळणाचा इतिहास काही वेगळ्या क्रमाने लिहावा लागला असता. इतिहासात अशा जर-तरला फारसे स्थान नाही, पण विधिमंडळांच्या इतिहासात ते टाळताही येत नाही.

पुढच्या वेळी हबर्ड उभा राहिला नाही. १८३४ मध्ये तो शिकागोला राहावयास गेला. सदस्यत्व गेले तरी त्याने व्हँडेलियाच्या खेपा सोडल्या नाहीत. अधिवेशन भरले की तो तेथे हजर असे आणि सदस्यांना गाठून कालव्याची बाजू मांडत असे. १८३५ मध्ये कायदा झाला, पण त्यात कर्जाला राज्याची हमी नव्हती, त्यामुळे सावकार पुढे येईनात. ९ जानेवारी १८३६ च्या कायद्याने ती हमी दिली आणि काम मार्गी लागले.

याच वादात एक उपप्रश्न निघाला होता, आणि आजचे शिकागो जेथे आहे तेथे ते असण्याला तोच कारणीभूत ठरला. कालव्याचे सरोवराकडील तोंड शिकागो नदीवर असावे की दक्षिणेकडील कॅल्युमेट नदीवर? दुसऱ्या पर्यायाच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. हबर्डने नकाशा पुढे ठेवला. कॅल्युमेटचे मुख इंडियाना राज्याच्या सीमेला लागून आहे. तेथे जे शहर उभे राहील त्याचा मोठा भाग शेजारच्या राज्यात जाईल, म्हणजे खर्च इलिनॉयचा आणि नफा इंडियानाचा. हा युक्तिवाद कोणाही करदात्याच्या गळी उतरण्याजोगा होता, आणि उतरला. तो खराही होता. तथापि हेही खरे की शिकागो नदीच्या मुखाशी १८३० मध्ये सरकारने पाडलेल्या भूखंडांपैकी काही हबर्डने अगदी अल्प किमतीत घेऊन ठेवले होते. त्याने राज्याचे हित पाहिले की आपले? बहुधा दोन्ही, आणि त्या दोहोंत काही अंतर आहे असे त्याला वाटलेही नसावे. त्या पिढीतील व्यापारी लोकप्रतिनिधींना हा प्रश्न कोणी विचारीत नसे. मात्र तो न विचारल्याचे परिणाम १८३७ मध्ये साऱ्या राज्याला भोगावे लागले.

कालव्याची बातमी फुटताच शिकागोच्या जमिनीला वेड लागले. १८३५ मध्ये हबर्डने दोन भागीदारांसह ऐंशी एकर जमीन पाच हजार डॉलरला घेतली. काही महिन्यांनी तो न्यूयॉर्कला गेला असता तेथे शिकागोच्या जमिनीवर उड्या पडत असल्याचे त्याने पाहिले. त्याने तिचा आराखडा काढवून घेतला आणि निम्मी जमीन लिलावात ८०,००० डॉलरला विकली. वार्ता शिकागोला पोहोचली तेव्हा ती कोणाला खरी वाटेना. आणि एकदा खरी वाटल्यावर भावाला काही धरबंद राहिला नाही.

या सगळ्या जमिनीवरून ज्यांना उठावे लागले त्यांच्याकडे येथे वळणे प्राप्त आहे. १८३३ च्या सप्टेंबरात शिकागोला झालेल्या तहान्वये पोटावाटोमी आणि त्यांच्या सहवासी जमातींनी मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची सुमारे पन्नास लाख एकर भूमी सोडून दिली. बदल्यात मिसिसिपीपलीकडे तेवढीच जमीन व वर्षासने ठरली. तहाच्या रकमेतून व्यापाऱ्यांच्या जुन्या उधाऱ्यांपोटी १,७५,००० डॉलर काढून ठेवण्यात आले. घोंगड्या आणि सुऱ्या यांची जी उधारी वर्षानुवर्षे वहीत चढत गेली होती, तिची वसुली अखेर जमिनीतून झाली, असा याचा अर्थ. १८३५ च्या ऑगस्टमध्ये शेकडो पोटावाटोमी पुरुषांनी शिकागोच्या रस्त्यांतून आपले अखेरचे युद्धनृत्य केले आणि ते पश्चिमेकडे चालते झाले. ज्या लोकांनी हबर्डला मुलगा मानले, नाव दिले, मुलगी दिली, त्यांचे हे प्रस्थान चालले असता तो वखारीचे बांधकाम पाहत होता. त्याने त्या लोकांविषयी आत्मचरित्रात सदैव ममतेने लिहिले आहे, त्यांच्या सचोटीची साक्ष दिली आहे. त्या ममतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिचा उपयोग झाला नाही, एवढेच. वॉट्सीकाही अखेर कॅन्ससकडे गेली. १८६५ मध्ये इरोक्वॉय जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला तिचे नाव देण्यात आले. ते गाव आजही त्या नावाने आहे.

१८३५ मध्ये गव्हर्नर जोसेफ डंकन यांनी कालव्यासाठी तीन आयुक्त नेमले : विल्यम थॉर्नटन, विल्यम आर्चर आणि हबर्ड. ४ जुलै १८३६ रोजी शिकागोनजीक कामाचा प्रारंभ झाला. पुढची कथा सार्वजनिक बांधकामांच्या जाणकारांना ओळखीची वाटेल. १८३७ मध्ये विधिमंडळाने प्रत्येक जिल्ह्याला काहीतरी मिळावे अशा बेताने लोहमार्ग आणि रस्ते यांचा एक कोटी डॉलरहून मोठा कार्यक्रम मंजूर केला. ज्यांच्या वाट्याला रस्ता आला नाही त्यांना रोकड देण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदी आली. १८४२ पर्यंत राज्याचे कर्ज दीड कोटीच्या घरात गेले, व्याज थकले आणि कालव्याचे काम बंद पडले. खणण्यासाठी आलेले आयरिश मजूर हिवतापाने खंगले होते. आता त्यांच्या हाती मजुरीच्या नावाने कागदी चिठ्ठ्या राहिल्या. १८४५ मध्ये रोखेधारकांनी सोळा लाख डॉलर उभे केले तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. खोल खोदाईचा मूळ बेत सोडून उथळ कालवा आणि पाण्याचे दरवाजे यांवर भागविण्यात आले.

१८४८ च्या एप्रिलमध्ये कालवा खुला झाला. लांबी ९६ मैल, माथ्याशी रुंदी ६० फूट, खोली ६ फूट. सबंध कालवा पार करणाऱ्या पहिल्या नावांपैकी एकीला जनरल थॉर्नटन असे आयुक्ताचेच नाव होते आणि तिच्यात न्यू ऑर्लिन्सची साखर होती. ती पूर्वेकडे बफेलोला जावयाची होती. म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडचा माल मड लेकच्या उंबरठ्यावरून जळवांवाचून पलीकडे गेला. त्याच वर्षी शिकागोला धान्यबाजार स्थापन झाला, तारायंत्र आले आणि पहिली आगगाडीही धावली. १८५० मध्ये शहराची वस्ती जवळजवळ तीस हजार होती. पाचसहा वर्षांत लोहमार्गाने कालव्याची उतारू वाहतूक संपविली. धान्य, लाकूड आणि दगड मात्र त्यावरून पुढे पुष्कळ वर्षे गेले. १९०० मध्ये नव्या मोठ्या कालव्याने शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरविला आणि १९३३ मध्ये जुना कालवा वाहतुकीला बंद झाला.

हबर्डच्या उरलेल्या उद्योगांची यादी लांब आहे आणि तीवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. त्याने १८३४ मध्ये शिकागोत बांधलेल्या विटांच्या वखारीला लोक हबर्डचा वेडेपणा म्हणत, कारण एवढ्या मोठ्या इमारतीत भरावयास माल कोठे होता? विम्याचा व्यवहार त्या गावात त्यानेच प्रथम केला. सरोवरांवरून जहाजे चालविली, मांस भरले, पाणीपुरवठ्याच्या कंपनीत भाग घेतला. गावाचा पहिला आगबंब १८३५ मध्ये त्याच्याच पेढीमार्फत आला. १८५७ च्या मंदीने त्याची बरीच मालमत्ता खाल्ली, आणि उरलेली १८७१ च्या ऑक्टोबरात जळाली.

त्या आगीत शहराचा सुमारे साडेतीन चौरस मैलांचा भाग भस्मसात झाला. आश्रयाला आलेल्या लोकांनी भरलेले हबर्डचे घर शेवटी आगीच्या वाटेत सापडले. त्याच्याबरोबर एक हस्तलिखित गेले. आपल्या आयुष्याची हकीकत त्याने शेकडो पृष्ठे लिहून तयार केली होती. ती सगळी जळाली. शिकागोच्या ऐतिहासिक संस्थेची इमारतही त्याच रात्री गेली, आणि तिच्यात लिंकनने स्वहस्ताने लिहिलेला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदाही होता. शहरात सार्वजनिक म्हणावे असे मोफत ग्रंथालय तेव्हा नव्हते. इंग्लंडमधील वाचकांना ते होते असे वाटले आणि जळालेल्या ग्रंथांची भरपाई म्हणून त्यांनी आठ हजारांवर पुस्तके पाठविली; त्यांत स्वतः व्हिक्टोरिया राणीने दिलेली पुस्तकेही होती. ती ठेवण्यासाठी जागा हवी, म्हणून ग्रंथालय निघाले. १ जानेवारी १८७३ रोजी ते पाण्याच्या एका जुन्या लोखंडी टाकीत सुरू झाले. ज्यांनी एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा भाड्याच्या माडीवर सुरू झालेली वाचनालये पाहिली आहेत त्यांना ही टाकी परकी वाटणार नाही.

हबर्डने सत्तरीत पुन्हा लेखणी हाती घेतली. सालागणिक आठवून, नावे जुळवून त्याने जळालेला मजकूर नव्याने लिहावयास आरंभ केला. मग डोळ्यांचा विकार जडला आणि अखेरच्या वर्षांत दोन्ही डोळे गेले. १४ सप्टेंबर १८८६ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, तो शिकागोत वारला. नातलगांनी उरलेला मजकूर जुळवून १८८८ मध्ये छापला. या पुस्तकात माँट्रियलचे दुकान आहे, मॅकिनॉचे कातड्यांचे ढीग आहेत, मड लेक आहे, वाटेवरची ठाणी आहेत. त्याच्या स्वतःच्या शब्दांतली हकीकत मात्र १८३० च्या सुमारास थांबते. व्हँडेलियाची अधिवेशने, पडलेली दोन विधेयके, नकाशावरची इंडियानाची सीमा आणि १८३३ चा तह यांपैकी कशाहीपर्यंत दुसऱ्यांदा लिहिताना तो पोहोचला नाही.